यादीत नसलेले कावळे

आमचा धंदा मेलेल्या माणसांवर चालायचा, आणि अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

कोल्हारला प्रवरेच्या काठावर दशक्रिया होतात. सकाळी सातला माणसं जमतात, महाराजांचं प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजली वाहतात, मग पिंड ठेवतात, कावळा शिवतो आणि मंडळी चहा-भजी खाऊन आपापल्या वाटेला लागतात. यातले महाराज, पुढारी आणि मेलेला माणूस सोडला तर बाकी सगळं आम्ही तिघं पुरवायचो. ‘मोक्ष दशक्रिया सेवा’ हे नाव. मांडव, खुर्च्या, टेम्पो आणि स्पीकर वाल्मिककडे. विधी शामकांत गुरुजींकडे. चूल माझ्याकडे. तिघांचे वाटे सारखे.

भागीदारीचा कागद राहात्याला पाचशेच्या स्टॅम्पवर झाला तेव्हा त्या दोघांनी सह्या केल्या आणि मी अंगठा उठवला. मी मूळची पाथर्डीकडची. ऊसतोडीला नवऱ्याबरोबर इकडे आले, नवरा इथेच गेला आणि मी परत गेले नाही. टोळीतल्या वीस माणसांचं रांधायची सवय होती, तीच पुढे कामाला आली.

अक्षरं मला साठीनंतर आली, तीही मेलेल्यांच्या फ्लेक्सवरून. मांडवाच्या तोंडाशी माणसाचा हसरा फोटो आणि खाली भलं मोठं नाव. रोज नवा धडा. भजी तळून झाली की मी झाऱ्याने एकेक अक्षर दाखवून गुरुजींना विचारायची. मी सगळ्यात आधी ओळखलं ते ‘कै.’ बरेच दिवस मला वाटायचं, या भागात सगळ्यांचं नाव कैलास असतं आणि जागा पुरत नाही म्हणून थोडक्यात लिहितात.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस वाल्मिक माझ्या पत्र्याच्या शेडात आला आणि पिंपावर बसला. हा चाळिशीचा गडी, बोलताना कधी बसत नाही. बसला म्हणजे काहीतरी मागणार.

“आक्का, आता बास कर. लई राबलीस.”

“राबलं न्हाई कोन? गुरुजी सोडून.”

गुरुजी बाहेर दर्भाच्या जुड्या बांधत होते. त्यांनी ऐकलं, पण वर पाहिलं नाही.

वाल्मिक म्हणाला, “मी काय म्हनतो, धंदा आता मोठा करायचाय. मोठा पडदा घ्यायचा, ड्रोन घ्यायचा.”

“ड्रोन कशाला?”

“वरून शूटिंग. अमेरिकेतल्या पोराला बापाचा दहावा घरबसल्या दिसतोय.”

“बापालाबी दिसंल की. त्योबी वरच हाय.”

तो हसला नाही, तेव्हा मला कळलं की पक्कं ठरवून आलाय. त्याचं म्हणणं असं होतं: आमच्या दोघांचे वाटे तो विकत घेणार, पैसे रोख देणार. गुरुजी पुढेही विधी सांगतील, दर विधीला दोन हजार घेऊन. जेवणाखाणाचं श्रीरामपूरच्या एका केटररशी बोलणं झालेलं आहे.

म्हणजे दोघांना विकत घ्यायचं म्हटलं तरी बाहेर जाणार होते मी एकटीच.

“आन मी न्हाई म्हनले तर?”

“ह्या जागेचा करार ग्रामपंचायतीत माझ्या नावावर हाय, आक्का.” हे त्याने फार हळू आवाजात सांगितलं. वाईट गोष्ट हळू सांगितली की कमी वाईट होते अशी त्याची समजूत आहे. दहाव्याच्या मांडवात राहून लागलेली सवय.

मला पैशाचं फार नव्हतं. माझा मुलगा श्रीमंत चाकणला कंपनीत आहे. नाव सोडलं तर श्रीमंतीचं काही नाही, पण तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सून आरती चांगली आहे. गेलं की म्हणते, “आई, तुम्ही बसा.” ती इतक्या प्रेमाने म्हणते की माणसाला उठून पळावंसं वाटतं. चूल गेली की मला तिथे जावं लागणार, आणि मग गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गॅलऱ्या बघायच्या, माझा स्वतःचा फ्लेक्स छापून येईपर्यंत. मला घाटावरची चूल हवी होती. पहाटे पेटवायला, माणसांच्या गर्दीत, धुरात, कुणीतरी “आक्का, अजून एक घाणा” म्हणताना.

पण जागाच त्याची, त्याला काय करणार. मी म्हणाले, “यादी कर.”

यादीला दोन दिवस लागले. वाल्मिक मोजायचा, गुरुजी लिहायचे. खुर्च्या चारशे बारा, त्यातल्या एकतीस मोडक्या. मांडवाचे पाइप. टेम्पोची किंमत काढताना तिघेही टेम्पोकडे बघून गप्प झालो. गुरुजींनी खाकरून विचारलं, “वाल्मिकराव, नावाचे काही धरायचे का? नाव आपल्या तिघांचे आहे.”

“नाव मोक्ष हाय, गुरुजी. त्ये कुनाच्या बापाचं असतंय व्हय?”

गुरुजी पुन्हा वहीत शिरले. पोथी वाचताना त्यांचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो. स्वतःसाठी बोलायचं झालं की मुंगीला ऐकू येत नाही.

मग माझी भांडी. पातेली, पराती, दोन कढया, झारे. वाल्मिकने झारे मोजले. “एक, दोन, तीन, चार. ह्यो पाचवा काय धरायचा? वाकडा हाय, भंगार.” आणि त्याने तो बाजूला फेकला.

तो लोखंडी झारा माझा ऊसतोडीच्या टोळीतला. त्याचा दांडा मधेच वाकलेला आहे आणि कढईच्या काठावर आपटला की घंटेसारखा वाजतो.

“मग मी नेऊ त्यो?”

“ने की. एक जुनी कढईबी ने, गळकी. पैसे धरत न्हाई.”

एकंदर तीन लाख पंधरा हजार झाले. माझे एक लाख पाच, गुरुजींचे तेवढेच. गुरुजी कागद वाचून दाखवू लागले तेव्हा मी म्हणाले, “द्या हिकडं.” आणि स्वतः वाचला. अर्धा तास लागला. फ्लेक्सवर अक्षरं मोठी असतात. वाल्मिक घड्याळ बघत राहिला.

“सगळं लिवलंय?” मी विचारलं.

“सगळं. चमचाबी सोडला न्हाई.”

“मग खाली एक ओळ टाका, गुरुजी. यादीत न्हाई ते ज्याचं त्याला.”

“बायडाबाई, त्याची गरज नाही हो.”

“मग टाकायला काय जातंय?”

वाल्मिक म्हणाला, “टाका हो गुरुजी, लाईट जायची येळ झाली.” गुरुजींनी ओळ टाकली. मी सही केली, बायडाबाई असं पूर्ण नाव, डोक्यावरच्या रेघेसकट.

आता त्या ओळीचं सांगते.

अकरा वर्षं मी पहाटे कढई चढवली की पहिला घाणा नदीकडे टाकत आले. टोळीत असताना पहिली भाकरी आम्ही रानात टाकायचो, तीच सवय. कढईच्या काठावर तीनदा झारा आपटायचा आणि भजी काठावरच्या उंबराखाली टाकायची. पहिल्या वर्षी चार-पाच कावळे यायचे, नंतर चाळीस-पन्नास. पुढे पुढे मी हुशार झाले. निम्मा घाणा पहाटे आणि निम्मा पिंड ठेवल्यावर. स्पीकरवरून गुरुजींचा आवाज आला की शेडाच्या मागे उभं राहून तीनदा झारा आपटायचा. कावळे उंबरावरून उतरायचे, वाटेत पिंड दिसायचा, त्याला चोच मारायचे आणि मग माझ्याकडे यायचे. सगळ्या जिल्ह्यात नाव झालं की कोल्हारला ‘मोक्ष’वाल्यांकडे कावळा पाच मिनिटांत शिवतो. गुरुजींना वाटायचं हे त्यांच्या मंत्रांमुळे. वाल्मिकला वाटायचं जागेचा गुण आहे. दोघांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. भज्यांच्या पिठाचा हिशोब द्यावा लागला असता.

मी गळक्या कढईला खालून एक ठिगळ मारून घेतलं आणि पुलापलीकडे माझ्या घराच्या अंगणात चूल मांडली. पुलापलीकडे राहुरी तालुका लागतो. तीनदा झारा आपटला. पहिल्या दिवशी सहा कावळे आले, चौथ्या दिवशी सगळे. त्यांनी आठवड्याच्या आत तालुका बदलला.

बाराव्या दिवशी वाल्मिकचा पहिला मोठा दहावा होता. गहिनीनाथदादा, बागायतदार माणूस. घाटावर चारशे माणसं, मोठा पडदा, ड्रोन आणि श्रीरामपूरचा उपमा. मी अंगणात बसून भजी तळत होते. साडेनऊ वाजता वाल्मिकची मोटारसायकल दारात थांबली. डोक्यावर टॉवेल, अंगावर घाम.

“आक्का, कावळा शिवंना.”

“ड्रोन पाठव की.”

“तासभर झालाय. चेष्टा करू नगंस.”

“चेष्टा करायला मी काय घाटावर हाय का? बस, च्या घे.”

तो बसला नाही. त्याची नजर वर गेली. माझ्या पत्र्यावर, भिंतीवर, शेजारच्या गोठ्यावर, विजेच्या तारेवर कावळेच कावळे. एक तर त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर येऊन बसला. वाल्मिकने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वाकड्या झाऱ्याकडे पाहिलं. मग तो बसला.

“ह्ये तू कवापासून करतीस?”

“अकरा वरसं.”

“आन सांगितलं न्हाईस?”

“तू सगळं मोजलं म्हनलास. मी वाचूनबी बघितलं. कावळे नव्हते त्यात.”

त्याने तारेवरचे कावळे मोजायला घेतले आणि सोडून दिले. मग म्हणाला, “काय पायजे तुला?”

“चूल. घाटावरची. माझे हात चालंस्तवर.”

“दिली.”

“आन निम्मा वाटा.”

“निम्मा? आधी तर तिसरा हुता.”

“आधी कावळे फुकट हुते.”

“आन मी दिलेले एक लाख पाच?”

“ती भांडी-खुर्च्यांची किंमत हुती. घेतल्यास ना तू? मग.”

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. “बरं. दिला निम्मा. आता चल. उद्या शिंगणापूरला जाऊन शनीपुढं शपथ घेतो, हवं तर.”

“शनीला लई कामं हायती. आजच घे, पिंडापुढं.”

“कुनाच्या पिंडापुढं?”

“आज कुनाचा हाय त्याच्या.”

मी झारा पिशवीत टाकला, भजी डब्यात भरली आणि त्याच्या मागे बसले. पुलावरून जाताना मागे वळून पाहिलं. चार-दोन कावळे निघाले होते, बाकीचे चुलीवरच्या कढईशी रेंगाळले होते. ते झाऱ्याची वाट बघणार हे मला माहीत होतं.

घाटावर गेलो तेव्हा गहिनीनाथदादांचा मुलगा कानिफनाथ पिंडापुढे हात जोडून उभा होता. मुंडण केलेलं डोकं उन्हाने लाल झालेलं. पिंडाजवळ जिलबी होती, विड्यांचं बंडल होतं, तंबाखूची पुडी होती आणि कुणीतरी हळूच एक क्वार्टरही ठेवली होती. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग घरच्यांनी पिंडापुढे कबूल व्हायचं की ती इच्छा पुरी करू. कानिफनाथ तासभर कबूलच होत होता.

“दादा, हिरीवर नवी मोटार बसवतो,” तो म्हणाला.

नदीकडे सगळं शांत.

“दादा, आईला औषधपानी टायमात करतो.”

काही नाही. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “दारूचं बोल म्हनावं.”

कानिफनाथने ते ऐकलं. “दादा, दारू सोडतो,” तो म्हणाला. त्याच्या बायकोने मांडवातून मान वर केली.

तरी काही नाही. गुरुजींचा घसा बसला होता. ते म्हणाले, “कानिफराव, शास्त्रात दर्भाचा कावळा करायची सोय आहे. आपण तो शिववू.”

“चारशे मानसं हायती, गुरुजी. बापाला गवताचा कावळा शिवला म्हनून गावात तोंड दाखवू व्हय मी?”

तेव्हा बायकांच्या बाजूने एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. गहिनीनाथदादांची बायको. ती म्हणाली, “सुकन्याचं बोल.”

सुकन्या म्हणजे कानिफनाथची बहीण. ती घाटाच्या भिंतीशी बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. मांडवात इतकी शांतता झाली की डोक्यावरचा ड्रोन माशीसारखा ऐकू येऊ लागला. कानिफनाथने पिंडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. पुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “दादा, सुकन्याच्या नावावर नदीकडंचा अर्धा एकर लावून देतो.”

माझ्यामुळे एका माणसाचा दहावा अडला होता, त्याचं मला मघापासून वाईट वाटत होतं. अर्ध्या एकराने ते बरंचसं कमी झालं.

मी वाल्मिकला कोपर मारलं. “जा.”

“आता? हे संपू दे की.”

“संपनार कसं?”

तो पुढे गेला. त्याला वाटलं हळू बोलावं, पण विधीसाठी लावलेला माइक गुरुजींच्या पुढ्यातच होता. त्याचा स्वतःचा स्पीकर, पैसे देऊन घेतलेला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “बायडाक्काची चूल हितंच ऱ्हाईल. आक्काला निम्मा वाटा देतो.”

सगळ्या घाटावर ऐकू गेलं. अमेरिकेतही गेलं असणार, ड्रोन चालूच होता.

मी शेडाच्या मागे गेले, श्रीरामपूरवाल्याची रिकामी कढई उलटी केली आणि तीनदा झारा आपटला. पुलापलीकडून काळा ढग उठला. पन्नास-साठ कावळे नदी ओलांडून आले. पहिल्याने पिंडाला चोच मारली, दुसऱ्याने जिलबी उचलली आणि तिसऱ्याने विडीचं बंडल खाली पाडलं. चारशे माणसांनी एकदम श्वास सोडला. गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना अजूनही वाटत होतं की उशिरा का होईना मंत्र लागला.

घोळ झाला तो नंतर. मोटार, औषधं, दारू, अर्धा एकर, एवढं सगळं कबूल करूनही जो कावळा आला नाही, तो बायडाक्काचं नाव निघाल्याबरोबर आला, हे चारशे माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. गहिनीनाथदादांची शेवटची इच्छा काय होती, हे सगळ्यांना एकदमच कळलं. माणसं माझ्याकडे वळून वळून बघायला लागली. एक-दोघांनी तर नमस्कार केला. मी त्या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. फ्लेक्सवर पाहिलं ते पहिलंच, आणि तेही जाताना अर्धवट.

मी भज्यांचा डबा उघडला तोवर ती म्हातारी काठी टेकत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या मागे सुकन्या.

“तुमची नि ह्यांची वळख कवाची?” म्हातारीने विचारलं.

“आजचीच.”

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सत्तरीच्या बाईत काय राहिलेलं असतं, ते तिला दिसलं असावं. तिने डब्यातलं एक भजं उचललं, खाल्लं आणि विचार करत उभी राहिली.

“दर बुधवारी कोल्हारला यायचे,” ती म्हणाली. “बाजार करायला म्हनायचे. पिशवी रिकामी आनायचे.”

“मला न्हाई म्हाईत, माय. माझी चूल बुधवारी बंद असती.”

“असू दे,” ती म्हणाली. “पोरीला रान मिळालं.” आणि तिने आणखी दोन भजी पदरात बांधून घेतली. सुकन्या जाताना वाकून माझ्या पाया पडली. तिला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. कानिफनाथ मात्र लांब उभा राहून आधी माझ्याकडे, मग ड्रोनकडे बघत होता. बोललेलं माघारी घ्यायची सोय राहिली नव्हती.

चार दिवसांनी राहात्याला नवा कागद झाला. गुरुजींना वाटलं होतं की आपलाही वाटा परत मिळेल. मी म्हणाले, “तुमी कवा मागितला?” मग त्यांनी मागितला, जरा मोठ्या आवाजात, आणि वाल्मिकने त्याच्या निम्म्यातून त्यांना रुपयाला दोन आणे वाटा दिला. मी माझ्यातलं काही दिलं नाही. मला शिकवलेल्या अक्षरांचे पैसे मी त्यांना रोज दोन प्लेट भजी देऊन केव्हाच फेडले आहेत.

या खेपेला वाल्मिक हुशार झाला होता. “गुरुजी, कावळेबी लिवा,” तो म्हणाला.

“किती लिहू?”

“किती का असंनात. सगळे. धंद्याचे.”

गुरुजींनी लिहिलं. मी वाचलं: ‘घाटावरील उंबरावरचे समस्त कावळे, भागीदारीच्या मालकीचे.’ खाली ती जुनी ओळ तशीच ठेवायला सांगितली, आणि वाल्मिकने कावळे मिळाल्याच्या आनंदात ती तशीच ठेवली. मी सही केली.

मग त्याने भांडी पुन्हा मोजून घेतली. पराती, पातेली, दोन कढया. झारे चारच भरले. पाचवा माझ्या हातात होता, आणि मी त्याने पुढचा घाणा उलटत होते.